वजीफा : राजाश्रय गेला, संस्था उरल्या

‘वजीफा’ हा शब्द आपल्या घरांत दोन अर्थांनी येतो. फजरच्या नमाजनंतर आजी तसबीह हातात घेऊन पढते तोही वजीफा, आणि हुशार मुलाला शिकण्यासाठी दरमहा मिळते ती रक्कमही वजीफाच. दोन्ही अर्थांच्या मुळाशी एकच भाव आहे : नेमून दिलेले. नेमाने करायचे ते, आणि नेमाने मिळायचे ते. जुन्या मराठी कागदपत्रांतही हा शब्द नेमणूक, इनाम या अर्थाने भेटतो. ‘शिष्यवृत्ती’ आणि ‘फेलोशिप’ हे शब्द आपल्या बोलण्यात त्याच्या मागाहून आले.

यातला ‘नेम’ महत्त्वाचा आहे. गुणगौरव समारंभात एकदाच हातावर ठेवलेले पाकीट आणि दर महिन्याला ठरल्याप्रमाणे येणारी रक्कम यांत फार मोठा फरक असतो. पाकिटातून फी भरली जाते, फार तर पुस्तके येतात. नेमाने येणारी रक्कम मात्र माणसाला वेळ देते. दोन वर्षे, तीन वर्षे चुलीची काळजी न करता अभ्यासाला बसता येते, रियाज करता येतो, चित्र काढता येते. विद्वान आणि कलावंत घडतात ते अशा वेळातून. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी असा वेळ कोणी कोणाला दिला, त्यासाठी कोणत्या अटी घातल्या आणि देणारा गेल्यावर पुढे काय झाले, हे आम्ही या लेखात पाहणार आहोत. उदाहरणे बहुतेक आपल्या कोकणातली, कोल्हापूरची आणि पुण्याची आहेत.

दक्षिणेपासून फेलोशिपपर्यंत

विद्वानांना पोसणे ही राजाची जबाबदारी, ही कल्पना आपल्याकडे जुनीच आहे. पेशवाईत श्रावण महिन्यात पुण्यात विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वाटली जाई. इंग्रजांचा अंमल आल्यावर या दक्षिणेचे रूप हळूहळू बदलत गेले. त्या निधीतून १८२१ साली पुण्यात संस्कृत पाठशाळा निघाली. पुढे मराठी ग्रंथ लिहिणाऱ्यांना बक्षिसे मिळू लागली आणि शेवटी महाविद्यालयांत ‘दक्षिणा फेलो’ नेमले जाऊ लागले. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे हे तरुणपणी असेच दक्षिणा फेलो होते. एका जातीपुरते असलेले दान सार्वजनिक विद्येच्या कामी आले, ही या बदलातली मोठी गोष्ट.

१८९२ साली जमशेटजी टाटांनी उच्च शिक्षणासाठी परदेशी जाणाऱ्या हिंदी विद्यार्थ्यांकरिता निधी उभा केला. ही मदत कर्जाऊ होती. शिकून कमावता झालेल्या विद्यार्थ्याने ती परत करायची, म्हणजे त्याच पैशांतून पुढचा विद्यार्थी जाईल. आपल्या दापोली तालुक्यातील मुर्डीचे रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे हे सरकारी शिष्यवृत्तीवर केंब्रिजला गेले आणि १८९९ साली गणिताच्या परीक्षेत पहिले येऊन ‘सीनियर रँग्लर’ झाले. परत आल्यावर त्यांनी फर्ग्युसन कॉलेजात शिकवण्याचे काम पत्करले.

जगातही हाच काळ अशा योजनांचा होता. पॅरिसमधील धनाढ्य बँकर अल्बर्ट कान यांनी १८९८ पासून तरुण शिक्षकांना जगप्रवासासाठी वजीफे दिले. शिक्षकाने आधी जग पाहावे आणि मग वर्गात उभे राहावे, असा त्यामागचा विचार. आम्हा शिक्षकांना याचे आजही अप्रूप वाटते. अमेरिकेतील सिनेटर सायमन गुगेनहाइम आणि त्यांच्या पत्नी यांचा तरुण मुलगा १९२२ साली वारला. त्याच्या नावाने त्यांनी संस्था काढली आणि १९२५ पासून विद्वानांना व कलावंतांना फेलोशिप द्यायला सुरुवात केली. १९२९ च्या मंदीत कान यांचे दिवाळे निघाले आणि त्यांची योजना थांबली. गुगेनहाइम यांची फेलोशिप आजही चालू आहे, कारण तिच्यामागे वेगळा काढून ठेवलेला कायमचा निधी होता. हा फरक वाचकांनी लक्षात ठेवावा. पुढे तो पुन्हा येणार आहे.

आंबडव्याचे भीमराव, केळूसचे मास्तर

आपल्या जिल्ह्याशी नाते सांगणारी सर्वांत मोठी शिष्यवृत्ती अर्थातच डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची. त्यांचे मूळ गाव आंबडवे, तालुका मंडणगड. बालपणीचा काही काळ दापोलीत गेला. मुंबईत ते मॅट्रिक झाले तेव्हा त्यांची पाठराखण केली ती कृष्णाजी अर्जुन केळुसकर यांनी. केळुसकर हे वेंगुर्ल्याजवळच्या केळूसचे. हा भाग त्या वेळी रत्नागिरी जिल्ह्यातच होता. ते पेशाने शाळामास्तर होते. त्यांच्या शब्दावरून बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी भीमरावांना कॉलेजसाठी दरमहा २५ रुपये दिले.

पुढे १९१३ साली महाराजांनी त्यांना अमेरिकेला पाठवले. शिष्यवृत्ती दरमहा साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षे. त्यासाठी रीतसर करारनामा झाला : शिकून आल्यावर बडोदा संस्थानात दहा वर्षे नोकरी करायची. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात त्यांनी अर्थशास्त्राचा अभ्यास केला. १९१५ साली एम.ए. झाले, पुढचा प्रबंध लिहिला आणि लंडनला गेले. लंडनचा अभ्यास अर्धाच झाला होता, तेवढ्यात शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ साली परतावे लागले. कराराप्रमाणे बडोद्यात नोकरीवर हजर झाले, तर त्या शहरात त्यांना राहायला जागा मिळेना. अस्पृश्य म्हणून कोणी घर देईना. परदेशी शिकलेल्या या विद्वानाला काही दिवसांतच मुंबईला परत यावे लागले.

या हकिकतीतून दोन गोष्टी दिसतात. पहिली, महाराजांचा हात मोठा होता, पण तो भीमरावांपर्यंत पोहोचला एका मास्तराच्या शिफारशीमुळे. दुसरी, शिष्यवृत्ती माणसाला विद्या देऊ शकते. त्या विद्येला समाजात जागा मिळेलच, याची हमी ती देऊ शकत नाही. १९२० साली बाबासाहेब पुन्हा लंडनला गेले ते स्वतः साठवलेल्या पैशांवर आणि मित्राकडून घेतलेल्या कर्जावर. त्याच वर्षी निघालेल्या त्यांच्या ‘मूकनायक’ पाक्षिकाला कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी अडीच हजार रुपयांची मदत केली होती. पुढे १९४५ साली बाबासाहेबांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली आणि मुंबईत सिद्धार्थ व औरंगाबादेत मिलिंद ही महाविद्यालये उभी केली. घेतलेला वजीफा त्यांनी हजारो मुलांना परत केला, असेच म्हणावे लागेल.

मुरुडच्या बेगमसाहिबांची बहीण

आता आपल्या समाजातील एका मुलीची गोष्ट सांगतो. ती मराठी वाचकांना कमी माहीत आहे. अतिया फैजी ही मुंबईच्या तय्यबजी घराण्याची नात. वडील व्यापारानिमित्त इस्तंबूलला असत, तिथेच १८७७ साली तिचा जन्म झाला. तिची थोरली बहीण नाजली हिचे लग्न जंजिऱ्याच्या नवाबांशी झाले होते. त्यामुळे मुरुडचा समुद्र आणि नवाबांचा वाडा हे या बहिणींचे दुसरे घरच. घरात उर्दू, गुजराती, इंग्रजी अशा भाषा नांदत होत्या आणि मुलींनी शिकावे असे वडीलधाऱ्यांनाच वाटत होते.

१९०६ साली अतियाला सरकारी शिष्यवृत्ती मिळाली. कशासाठी, तर शिक्षिका होण्यासाठी! लंडनच्या मारिया ग्रे ट्रेनिंग कॉलेजात अध्यापनाचे शिक्षण घ्यायचे आणि परत येऊन इथल्या मुलींना शिकवायचे, असा हेतू होता. बी.एड.च्या वर्गात पाठ टाचण काढणाऱ्या आपल्या मुलींनी हे जरूर वाचावे. सव्वाशे वर्षांपूर्वी तुमच्याच वाटेवर एक मुस्लिम मुलगी बोटीत बसून गेली होती.

तिकडून ती रोजनिशीच्या रूपाने घरी लिहीत असे. काय शिकलो, कोणाला भेटलो, थंडी किती, जेवणात काय, कुठल्या शाळा पाहिल्या, सगळे त्यात असे. बहीण झेहरा हिने ते लेखन लाहोरच्या ‘तहजीब-ए-निस्वां’ या स्त्रियांच्या उर्दू साप्ताहिकाला दिले आणि हजारो पडदानशीन बायकांनी घरात बसून लंडनचे वर्ग पाहिले. १९२१ साली ते ‘जमाना-ए-तहसील’ या नावाने पुस्तकरूपात आले. याच मुक्कामात, १९०७ साली, केंब्रिजमध्ये शिकणाऱ्या तरुण इक्बालांशी तिची ओळख झाली. इक्बालांच्या युरोपातील दिवसांविषयी अभ्यासक आजही तिच्या आठवणींचा आधार घेतात.

पण तिचे शिक्षण पुरे झाले नाही. प्रकृती बिघडली आणि १९०७ साली ती परत आली. प्रमाणपत्र मिळाले नाही. हिशेब तपासणारा कारकून म्हणेल, सरकारचे पैसे वाया गेले. आम्हाला तसे वाटत नाही. तिने लिहिलेली रोजनिशी ही आपल्या समाजातील स्त्रीच्या लेखणीतून उतरलेल्या सुरुवातीच्या परदेश-वर्णनांपैकी एक आहे. ती वाचून किती घरांत मुलींना शाळेत घालण्याचा विचार झाला असेल, याचा हिशेब कोणत्या वहीत मांडायचा? पुढे तिने हिंदुस्थानी संगीतावर इंग्रजीत पुस्तक लिहिले. ते १९१४ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाले. तिचे पती सॅम्युएल रहमीन हे पुण्याच्या बेने इस्रायली घराण्यातले. मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये आणि मग लंडनच्या रॉयल अकॅडमीत शिकलेले चित्रकार. बडोद्याच्या महाराजांकडे त्यांनी कलाविषयक सल्लागार म्हणून काम केले. लग्नानंतर दोघांनी ‘फैजी-रहमीन’ असे जोडनाव घेतले. फाळणीनंतर दोघे कराचीला गेले आणि अखेरचे दिवस ओढगस्तीत काढून तिथेच वारले.

कोटितीर्थाकाठचा चित्रकार

कोल्हापूरला शाहू महाराजांच्या कारकिर्दीत दोन मुस्लिम कलावंत नांदले, एक सुरांचे आणि एक रंगांचे.

चित्रकार अबालाल रहिमान यांचे वडील कुरआनशरीफच्या हस्तलिखित प्रती तयार करीत. बोरूने काढलेली देखणी अक्षरे आणि पानांभोवतीची नक्षी पाहत हा मुलगा वाढला. हातात कला होतीच. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकून त्यांनी व्हाइसरॉयचे पदक मिळवले. मुंबईत राहून नाव आणि पैसा दोन्ही मिळवता आले असते, पण ते कोल्हापूरला परतले आणि कोटितीर्थ तलावाकाठी साधेपणाने राहिले. शाहू महाराजांनी त्यांना दरबारी चित्रकार म्हणून नेमले. महाराजांच्या शिकारीची चित्रे त्यांनी काढली. पण त्यांचा जीव रमला तो निसर्गात. रंकाळ्याचा संध्यामठ, पाण्यावरचा प्रकाश, पहाटेचे आणि सांजवेळेचे रंग. कोल्हापुरातील पुढच्या पिढीचे चित्रकार त्यांना गुरुस्थानी मानत.

त्याच दरबारात उस्ताद अल्लादिया खां होते. आज ज्याला जयपूर-अत्रौली घराणे म्हणतात, ती गायकी त्यांनी कोल्हापुरात राहून घडवली. अवघड रागांचा आणि लयीचा इतका विचार करायला निवांतपणा लागतो. तो त्यांना दरबारच्या नेमणुकीने दिला.

६ मे १९२२ रोजी शाहू महाराजांचे निधन झाले. या दोघांचे पुढे काय झाले, यात या लेखाचे सार आहे. खांसाहेब साठी उलटल्यावर मुंबईला गेले. तिथे त्यांना शागीर्द मिळाले. केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर यांनी आणि खांसाहेबांचे पुत्र मंजी खां व भुर्जी खां यांनी ती गायकी पुढे नेली. आश्रयदाता गेला तरी विद्या उरली, कारण ती शिष्यांच्या गळ्यात उतरली होती. अबालाल मात्र एकटे पडले. महाराज गेल्यावर विरक्त होऊन त्यांनी आपली कितीतरी चित्रे कोटितीर्थाच्या पाण्यात सोडली, असे कोल्हापुरात सांगतात. १९३१ साली ते वारले. त्या चित्रांची जपणूक करणारी व्यवस्था त्या काळी नव्हती. चित्रांचा कदरदान एक माणूस होता, आणि तो गेला होता.

महाराजांनी जिथे संस्था उभ्या केल्या, तिथे वेगळे घडले. १९०६ साली त्यांनी कोल्हापुरात मुस्लिम विद्यार्थ्यांसाठी शिक्षणसंस्था स्थापन करवली, तिचे अध्यक्षपद स्वतः स्वीकारले आणि मुस्लिम बोर्डिंग सुरू झाले. हे बोर्डिंग कोल्हापुरात आजही नावाजलेले आहे. बडोद्यातही तेच दिसते. सयाजीरावांच्या आश्रयाने मौलाबक्ष यांनी १८८६ साली गायनशाळा काढली. मौलाबक्ष गेले, महाराज गेले, संस्थानही गेले. ती गायनशाळा मात्र आज बडोद्याच्या विद्यापीठाचा संगीत-नाट्य विभाग म्हणून चालू आहे. मौलाबक्षांचे नातू इनायत खां १९१० साली वीणा घेऊन पश्चिमेकडे गेले आणि तिकडे सूफी विचाराचे प्रसारक म्हणून प्रसिद्ध झाले.

दरमहा दोनशे रुपये आणि ‘सीरत’

विद्वानांना दिलेल्या वजीफ्याचा आम्हाला माहीत असलेला सर्वांत सुंदर नमुना मौलाना शिबली नोमानी (रह.) यांचा आहे. हजरत मुहम्मद (स.) यांचे सविस्तर, मूळ साधनांवर आधारलेले चरित्र उर्दूत लिहायचे त्यांच्या मनात होते. १९०७ साली बंदुकीच्या अपघातात त्यांचा पाय गेला होता. वय वाढत होते. कामासाठी ग्रंथ हवे होते, मदतनीस हवे होते, आणि या सगळ्याला पैसा हवा होता. त्यांनी कौमला आवाहन केले. तेव्हा भोपाळच्या नवाब सुलतान जहाँ बेगम पुढे आल्या आणि दरमहा २०० रुपये देण्याचे त्यांनी मान्य केले. एका स्त्रीच्या खजिन्यातून ‘सीरत-उन-नबी’चे काम सुरू झाले, हे आपल्या भगिनींनी अभिमानाने सांगावे.

नोव्हेंबर १९१४ मध्ये शिबलींचे निधन झाले. तोवर एकही खंड छापून झाला नव्हता. अखेरच्या आजारात त्यांनी आपले शागीर्द सय्यद सुलेमान नदवी यांना बोलावून घेतले. नदवीसाहेब त्या वेळी कुठे होते? आपल्या पुण्यात, डेक्कन कॉलेजात फारसी शिकवत होते. सरकारी कॉलेजातली पगाराची, मानाची नोकरी होती. ती सोडून ते आझमगडला गेले आणि उस्तादांचे अर्धे राहिलेले काम हाती घेतले. भोपाळची मदत शिबलींच्या मागेही चालू राहिली. १९१८ साली पहिला खंड निघाला. पुढे एकूण सात खंड झाले. त्यांतले पहिले दोन शिबलींच्या लेखणीतले, बाकीचे नदवींच्या.

जाण्यापूर्वी शिबलींनी आणखी एक गोष्ट केली होती. आझमगडचा आपला बंगला आणि आंब्याची बाग त्यांनी वक्फ केली. तिथे ‘दारुल मुसन्निफीन’, म्हणजे लेखकांचे घर उभे राहिले. तिथे राहून ग्रंथ लिहिणाऱ्या विद्वानांना ‘रफीक’ म्हणतात. रफीक म्हणजे सोबती. फेलो या इंग्रजी शब्दाचाही मूळ अर्थ तोच. बेगमसाहिबा गेल्या, भोपाळ संस्थान गेले, लेखकांचे हे घर शंभर वर्षांनंतरही उभे आहे.

याच काळात असा हात धर्माच्या सीमा ओलांडूनही पुढे येत होता. शाहू महाराजांनी कुरआनशरीफच्या मराठी भाषांतराचे काम हाती घेतले होते. पुण्याच्या भांडारकर संस्थेत महाभारताची चिकित्सक आवृत्ती तयार होत होती, तिला हैदराबादच्या निजामांनी अनुदान दिले. संस्थेच्या आवारातील अतिथिगृहाला निजामांचेच नाव आहे. विद्येला मदत करताना ‘आपला की परका’ हे पाहू नये, हे त्या काळच्या या जाणत्यांना कळले होते.

जुन्या हकिकतींतून काय घ्यायचे

आम्ही या हकिकती एकमेकींशेजारी ठेवून पाहिल्या, तेव्हा काही गोष्टी सारख्याच दिसल्या.

पहिली, शिफारस करणारा माणूस. भीमरावांना केळुसकर मास्तर भेटले नसते, तर बडोद्याचा खजिना असूनही उपयोग नव्हता. वर्गातल्या मुलाची कुवत सर्वांत आधी शिक्षकाला कळते. ती योग्य ठिकाणी पोहोचवणे हा त्याच्या कामाचाच भाग आहे.

दुसरी, मुदत. तीन वर्षे म्हणजे तीन वर्षे. घरच्यांनाही ठाऊक असते की मुलगा अमुक सालापर्यंत शिकणार आहे. आज आपल्याकडे मदत मिळते ती एका वर्षाची. पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज, पुन्हा दाखले, पुन्हा वाट पाहणे. अशा अधांतरी अवस्थेत लांबचा अभ्यास होत नाही.

तिसरी, अट. बडोद्याची अट नोकरीची होती, टाटांची कर्जफेडीची, अतियाची परत येऊन शिकवण्याची, शिबलींची ग्रंथ पुरा करण्याची. अट असली की घेणाऱ्याचा मान राहतो. तो भीक घेत नाही, करार करतो. पण अट पुरी झाली नाही म्हणजे सारे फुकट गेले, असेही नसते, हे अतियाच्या रोजनिशीने दाखवले आहे.

चौथी आणि सर्वांत महत्त्वाची, देणाऱ्यानंतरची सोय. जिथे वजीफा एका माणसाच्या मर्जीवर होता, तिथे तो माणूस गेला की सारे संपले. जिथे बोर्डिंग, गायनशाळा, वक्फ किंवा कायमचा निधी होता, तिथे काम चालू राहिले. मुंबईत सर मोहम्मद युसूफ यांनी १९१४ साली मुस्लिमांच्या उच्च शिक्षणासाठी आठ लाख रुपये दिले. त्यातून १९३० साली जोगेश्वरीला इस्माईल युसूफ कॉलेज सुरू झाले. कोकणातल्या कितीतरी मुलांनी पदवी तिथे घेतली.

आज आपल्या दारात

आता आपल्याकडे वळू या. संशोधन करणाऱ्या अल्पसंख्याक विद्यार्थ्यांसाठी केंद्र सरकारची मौलाना आझाद राष्ट्रीय फेलोशिप होती. २००९ साली सुरू झालेली ही योजना २०२२-२३ पासून बंद झाली. त्याच वर्षापासून पहिली ते आठवीच्या मुलांची मॅट्रिकपूर्व शिष्यवृत्तीही थांबली. ती नववी-दहावीपुरती राहिली. महाराष्ट्रात बार्टी आणि सारथी या संस्था आपापल्या समाजातील संशोधकांना फेलोशिप देतात. अल्पसंख्याकांसाठी ‘मार्टी’ स्थापन करण्याचा निर्णय राज्य सरकारने २०२४ साली घेतला. सरकारकडे मागायचे ते जरूर मागावे. तो आपला हक्क आहे. पण मागणी मान्य होईपर्यंत मुलांची वये थांबत नाहीत.

रत्नागिरी जिल्ह्यातल्या आपल्या गावांचे चित्र आम्हा शिक्षकांना रोज दिसते. घरटी एखादा माणूस आखातात किंवा मुंबईत. मशिदी देखण्या झाल्या, जमातीचे हॉल झाले, अल्हम्दुलिल्लाह. दहावी-बारावीला मुली पुढे असतात. मग गुणगौरव होतो, शाल येते, ढाल येते, फोटो निघतो. त्यानंतर दोन वर्षांनी त्याच मुलीबद्दल विचारले, तर घरचे सांगतात, “पुढचा खर्च झेपेना, शिवाय राहायची सोय कुठे?” फीसाठी मदत करणारे खूप आहेत. अडते ते मुंबई-पुण्यातल्या वसतिगृहाच्या भाड्यावर, खानावळीवर आणि प्रवासावर, म्हणजे दरमहाच्या खर्चावर. वजीफा हवा तो इथेच.

यासाठी फार मोठे काही करावे लागणार नाही. एखाद्या जमातीने किंवा पाच-सहा गावांच्या जमातींनी मिळून एक वेगळा निधी काढावा. मूळ रक्कम न मोडता येणाऱ्या हलाल उत्पन्नातून, उदाहरणार्थ एखाद्या गाळ्याच्या भाड्यातून, एका विद्यार्थ्याचा किंवा विद्यार्थिनीचा पूर्ण अभ्यासक्रमाचा दरमहाचा खर्च उचलावा. वीस जणांना हजार-हजार वाटण्यापेक्षा एकाला शेवटपर्यंत नेणे कधी कधी अधिक उपयोगाचे ठरते. निवडीत गावातल्या शिक्षकांचे मत घ्यावे. करार कागदावर करावा : शिकून कमावते झाल्यावर पुढच्या एका मुलाचा भार उचलायचा, किंवा वर्षातून काही दिवस गावातल्या मुलांना शिकवायचे. जकातीचा पैसा यात वापरायचा असेल, तर त्याचे नियम आपल्या उलेमांना विचारून घ्यावेत आणि तो हिशेब वेगळा ठेवावा. बाकीचा निधी लिल्लाह देणगीतून उभा करता येईल.

निवडताना डॉक्टर-इंजिनीअरपुरतेच पाहू नये, ही आमची खास विनंती आहे. कोकणी मुसलमानांच्या बोलीचा अभ्यास करू पाहणारा मुलगा, जुन्या उर्दू-मोडी कागदांत रमणारी मुलगी, खुशखत शिकणारा, चित्र काढणारा, हे सगळेही आपलेच आहेत. त्यांच्यासाठी दार उघडणारे फार कमी असतात. अबालाल रहिमान यांच्या वडिलांच्या बोरूतून निघालेली अक्षरे मुलाच्या कुंचल्यात उतरली, कारण त्या घराने ती कला मोलाची मानली होती.

जून महिन्यात प्रवेशाची धावपळ सुरू होईल. त्याआधी आपल्या मोहल्ल्यातील एका मुलाची किंवा मुलीची अशी जबाबदारी घेता येईल का, याचा विचार घरात बसून करावा. शाळेतल्या शिक्षकांना विचारावे. नाव ते सांगतील. दरमहाची रक्कम ठरवावी, मुदत ठरवावी आणि पहिला हप्ता वेळेवर द्यावा. अल्लाहतआला आपल्या सर्वांना याची तौफीक देवो. आमीन.